चौथ्या नंबरला वाचणारी

फेब्रुवारी लागला की मी पिशवी बदलते. एरवीची कापडी पिशवी कपाटात जाते आणि तीन कप्प्यांची रेक्झिनची बाहेर निघते. एका कप्प्यात गावातल्या मुलांचं हजेरीपत्रक, दुसऱ्यात बाहेरून आलेल्या मुलांची शिक्षण हमी कार्डं, तिसऱ्यात डबा, बाटली, सुईदोरा, सेफ्टी पिना आणि नेलकटर. नाशिकहून पिंपळगावला जाणाऱ्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली तरी मी बाहेर बघत बसत नाही, याद्या तपासते. पण द्राक्षं आल्याचं न बघताही कळतं. ओझर मागे पडलं की क्रेटनी भरलेले टेम्पो बसला घासून पुढे जायला लागतात. पिकल्या मण्यांचा गोडसर आणि फवारणीचा तिखट असे दोन वास एकाच वेळी नाकात शिरतात आणि दिवसभर पदराला चिकटून राहतात. माझ्या बहिणीला हा वास आवडतो. ती म्हणते, "तुझ्या शाळेला काय छान रस्ता आहे गं!" मी तिला दरवर्षी दोन किलो द्राक्षं नेऊन देते. स्वतः खात नाही.

आमची शाळा दोन शिक्षकांची. एक मी, दुसरे मुख्याध्यापक. त्यांना सगळा गाव अण्णा म्हणतो, म्हणून मीही म्हणते. दिवाळीनंतर भातकापणी उरकून पेठ-सुरगाण्याच्या डोंगरातली कुटुंबं खाली उतरतात, बागांच्या कडेला ताडपत्रीच्या खोप्यांत राहतात आणि माल उतरला की परत जातात. त्यांच्याबरोबर मुलंही येतात. ती मध्येच आलेली आणि मध्येच जाणारी. त्यांच्यासाठी हे कार्ड असतं. मूल निघताना जुन्या शाळेतून घेऊन येतं, जाताना आमच्याकडून घेऊन जातं. त्यावर इयत्ता असते, हजेरी असते आणि वाचन कुठवर आलं ते असतं: अक्षर, शब्द, वाक्य, उतारा. चारांपैकी एकावर टिक. पुढच्या शाळेतल्या शिक्षकाला आधी कार्ड दिसतं, मग मूल दिसतं.

सव्वीस जानेवारीला आमच्याकडे पाहुणे भाषण करतात. अडचणी माणसाला घडवतात, चिखलातच कमळ उगवतं, या खोप्यांतूनच उद्याचे अधिकारी निघतील. मुलं टाळ्या वाजवतात, कारण भाषणानंतर जिलेबी असते. मी पंचवीस वर्षं ही भाषणं ऐकते आहे आणि वहीच्या मागच्या पानावर दुसरीच एक यादी लिहिते आहे. मुलं अडचणीत नेमकं काय करतात, त्याची यादी.

शुद्धलेखन सुरू झालं की एक मुलगा पेन्सिलीचं टोक स्वतःच मोडायचा आणि टोक करायला दाराशी जायचा, तो शेवटच्या ओळीलाच परत यायचा. गृहपाठ तपासायच्या वेळी एक मुलगी झाडू हातात घ्यायची. "बाई, वर्ग लय घाण झालाय." वर्ग लख्ख असायचा. एक जण मी रागवायच्या आत मोठ्याने हसायचा, म्हणजे सगळे हसायचे आणि रागावणं तिथेच विरून जायचं. एक जण खिचडी अर्धी खाऊन अर्धी डब्यात भरायचा. "मांजराला नेतो, बाई." मी एकदा त्याच्या खोपीवर गेले. मांजर नव्हतं. तापाने पडलेला बाप होता.

याला मात करणं म्हणत नाहीत. हे लपवणं असतं. ती लपवतात ते आमच्यापासून, कारण त्यांच्या अडचणींच्या यादीत आम्हीही असतो. हे मला वनिताने शिकवलं. शिकवायला तिला एक हंगाम पुरला, आणि ती स्वतः मात्र माझ्याकडून वाचायला न शिकता गेली.

ती आली तेव्हा आठ वर्षांची होती, तिसरीत. कमरेवर दीड वर्षाची बहीण, ठकी. आई दारात उभी होती, हातात कार्ड, डोक्यावर टोपलं. मी नाव लिहीत होते तेव्हा आई म्हणाली, "बाई, हिला वाचाया शिकवा. आमच्या तिकडं आश्रमशाळा हाय. वाचाया आलं तर जूनपासनं तितं टाकीन, मंग खाली यायाचं नाय तिला."

"आणि नाही आलं तर?"

"नाय आलं तर कशाला? घरचे दोन हात कमी व्हत्यात. मंग हितंच बागंत देईन कात्री हातात."

हे तिने कुणाला दोष देत सांगितलं नाही. भाजी निवडताना चांगलं इकडे, किडकं तिकडे टाकतात तसं सांगितलं. वनिता माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, "येईल हो. तीन महिने आहेत. माझ्याकडे सगळं ठरलेलं असतं."

खरंच ठरलेलं असायचं. दर शनिवारी वाचनाची तपासणी. उताऱ्याचं कार्ड मी स्वतः लॅमिनेट करून घेतलेलं, वर्षभर एकच, म्हणजे कोण किती पुढे गेलं ते सरळ कळतं. 'आमच्या गावाला एक विहीर आहे. विहिरीवर चिंचेचं मोठं झाड आहे.' अशा आठ ओळी. मुलं ओळीने टेबलाशी यायची, वाचायची, मी तक्त्यात टिक करायची. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी शाळेच्या आधी एक तासाचा वर्ग. त्यात आठच मुलं, कारण आठापुढे गेलं की काम होत नाही. आसपासच्या शाळांच्या केंद्रातल्या बैठकीत माझ्या तक्त्याचं कौतुक व्हायचं. अण्णा सटाण्याकडचे. खुशीत आले की अहिराणीत बोलतात. माझा तक्ता भिंतीवर बघून म्हणायचे, "मॅडम, तुमनी यादी भारी शे. भिंत कमी पडी आते."

वनिता दाराजवळ बसायची. ठकी रडली तर पटकन बाहेर नेता यावं म्हणून. शनिवारी तिची पाळी आली की ठकी हमखास रडायची. "बाई, हिला शू झाली. दुसऱ्यांचं होऊ द्या, मी मंग येते." ती जायची आणि तीन मुलांचं वाचून झालं की परत यायची. मग टेबलाशी उभी राहून, कमरेवरच्या ठकीला सावरत, एका हाताचं बोट ओळीवरून सरकवत घडाघडा वाचायची. विरामाला थांबायची. प्रश्नचिन्ह आलं की आवाज चढवायची. पहिल्या दोन शनिवारी तिने 'वाक्य'पर्यंत मजल मारली, तिसऱ्या शनिवारी 'उतारा'. मी शेऱ्यात लिहिलं: 'लाजाळू आहे. इतरांनंतर वाचायला आवडते. प्रगती उत्तम.' सकाळच्या वर्गातल्या आठांत तिला घ्यायचा प्रश्नच नव्हता. ती जागा गावातल्या एका मुलाला मिळाली. त्याला खरं तर नुसता चष्मा हवा होता.

आता आठवलं की वाटतं, सगळं समोर होतं. ती कधी फळ्यावरचा सुविचार वाचायची नाही. खिचडीच्या गोणीवरचं नाव बाकीची मुलं मोठ्याने वाचत हसायची, तेव्हा ती ठकीचे केस विंचरायची. बागेत उन्हापासून घडांना वर्तमानपत्राचे कागद गुंडाळतात. शाळेच्या कुंपणाला लागूनच तशी बाग होती, आणि मधल्या सुट्टीत मुलं तारेपलीकडच्या घडांवरची बातम्यांची अक्षरं जुळवायची. "ए, ह्या द्राक्षावर निवडणूक हाय!" "माझ्या घडावर दरोडा!" वनिता म्हणायची, "माझा घड कच्चाय अजून." सगळे हसायचे. मलाही हसू आलं होतं. हजरजबाबी आहे, असं मी तेव्हा वहीत लिहिलं.

मार्चच्या सुरुवातीला केंद्रातून नवा उतारा आला. मी तोही लॅमिनेट केला. शनिवारी दोन्ही कार्डं टेबलावर होती, आकार एक, कोपरे सारखे कापलेले. दोन-तीन जणांनी जुनं वाचलं. वनिता आली, मी हाताला लागलं ते कार्ड तिच्यापुढे सरकवलं आणि मान खाली घालून तक्ता काढला. तिने सुरू केलं. आमच्या गावाला एक विहीर आहे. विहिरीवर चिंचेचं मोठं झाड आहे. मी 'उतारा'वर टिक केली. मग पुढच्या मुलाला द्यायला कार्ड उचललं. त्यावर होतं, 'आज आठवडी बाजार आहे. बाजारात खूप गर्दी आहे.'

टिक आधी झाली होती. कार्ड मी नंतर बघितलं. हा क्रम मी पुष्कळदा मनात उलटा करून बघितला आहे.

मुलांना मी मधली सुट्टी दिली आणि तिला थांबवलं. "वनिता, आत्ता काय वाचलंस?"

"विहीर."

"विहीर कुठे लिहिलंय यात? बोट ठेव बघू."

तिने कार्डाकडे बघितलंच नाही, माझ्या तोंडाकडे बघत राहिली. बोट हवेत. मग हळूच म्हणाली, "तुमी म्हनाल तितं, बाई."

ठकी तिच्या कमरेवरून माझ्या टेबलावरच्या पेनकडे हात लांबवत होती. मी पेन तिला दिलं. काहीतरी करायला हवं होतं म्हणून.

"पाठ कसं केलंस?"

"गनेश वाचतो. मंग साक्षी. साक्षी लय हळू वाचते, तिचं चांगलं ध्यानात ऱ्हातं." हे सांगताना तिला थोडा अभिमानही वाटत असावा. आठ ओळी, विराम, चढउतार, सगळं तिने दाराबाहेर उभं राहून, मूल थोपटत, कानाने गोळा केलं होतं. ठकी आपणहून रडायची नाही, हेही तेव्हाच कळलं. वनिता तिला चिमटा काढायची. "हळूच काडते, बाई. लागत नाय तिला."

अण्णांना मी सगळं सांगितलं. ते खुर्चीत मागे रेलले आणि भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत म्हणाले, "तुमनी यादीमा समदं शे, मॅडम. पन पोरगी कोठे शे?" मग प्रमाण मराठीत आले, म्हणजे आता चेष्टा नाही. "हमी कार्डावर खोडा. अक्षरापाशी टिक करा, सही करा, मीही सही करतो. पुढच्या शाळेला खरं कळेल."

मी खोडलं नाही. कारणं माझ्याकडे तयार होती, ओळीने. महिन्याचा अहवाल केंद्राला गेलेला. त्यात आमचा वर्ग पहिला. कार्डावर खाडाखोड दिसली की चौकशी. आणि सगळ्यांत चांगलं दिसणारं कारण असं, की माल उतरायला अजून बारा दिवस होते. बारा दिवसांत मी तिला अक्षरांपर्यंत तरी नक्की आणीन. मग पुढे सोपं. कार्ड खोटं ठेवायचं नाही, मुलीलाच कार्डापर्यंत न्यायचं. हे वाक्य मी अण्णांना म्हणून दाखवलं तेव्हा मला ते आवडलंही होतं.

बारा दिवसांचं वेळापत्रक मी त्याच दिवशी, घरी जातानाच्या बसमध्ये केलं. सकाळच्या वर्गाच्याही आधी एक तास, फक्त तिच्यासाठी. ती वेळेच्या आधी यायची. ठकीला पायरीवर गोट्या मांडून द्यायची आणि बसायची. पहिल्या दिवशी तिने ग आणि म ओळखले. दुसऱ्या दिवशी आली ती म्हणाली, "ग बागेत बी हाय. खांबाला तिरपी तार बांदत्यात ना, तसा." चौथ्या दिवशी 'गवत' वाचलं. गणेशने आधी न वाचलेलं, साक्षीने न वाचलेलं, तिचं स्वतःचं गवत. तिने ते परत परत वाचलं. मग विचारलं, "बाई, ह्ये उद्या बी गवतच आसंल का?"

"उद्याही. नेहमीच."

तिला ते पटायला वेळ लागला. पाठ केलेलं विसरलं जाऊ शकतं, म्हणून रोज राखावं लागतं. लिहिलेलं न राखताही तिथेच राहतं, हे तिला नवीन होतं. मी शिक्षिका आहे, मला हे आधी कुणी असं दाखवलं नव्हतं.

पाचव्या दिवशी दुपारी गारपीट झाली. वीस मिनिटं. शाळेचे पत्रे असे वाजले की मुलं बाकाखाली गेली. थांबल्यावर बाहेर आलो तेव्हा कुंपणापलीकडची बाग आडवी-तिडवी, कागद लगदा होऊन चिकटलेले, मणी चिरलेले. बागायतदाराने उरलेला माल दोन दिवसांत बेदाण्याला काढून दिला. कामच संपलं. सातव्या दिवशी सकाळी वनिताची आई दारात उभी राहिली. डोक्यावर तेच टोपलं, त्यात आता भांडी.

"बाई, कार्ड द्या. गाडी थांबलीया."

मी कपाट उघडलं, कार्ड काढलं. तारीख घातली, शिक्का मारला. हे मला डोळे मिटून येतं. आई म्हणाली, "वाचाया येतं ना आता हिला? मंग जूनला टाकते आश्रमशाळेत. खरं सांगा, बाई. येतं ना?"

वनिता आईच्या मागे होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही. ती जमिनीकडे बघत होती, आणि ओठ हलत होते. विहिरीचा उतारा म्हणत होती की गवत, ते मला कळलं नाही.

मी म्हणू शकले असते: नाही येत, पण येईल, चार दिवसांत गवत वाचलंय, तिला टाकाच, आणि तिथल्या सरांना सांगा की अक्षरापासून सुरू करा. इतकं लांब वाक्य. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. आणि 'नाही' म्हटलं तर आई कात्रीच देईल, हीही भीती खरी होती, खोटं कशाला सांगू. पण त्याच्या आड माझी दुसरी भीती बसली होती, आणि दोघींत मोठी कोण ते मला तेव्हाही माहीत होतं.

"येतं," मी म्हणाले. "हुशार आहे तुमची मुलगी."

आईने कार्ड कपाळाला लावलं.

त्या उन्हाळ्यात मी स्वतःला बरंच समजावलं. नव्या शाळेतले शिक्षक बघतील, एका दिवसात ओळखतील. मीही तीन महिने तिची शिक्षिकाच होते, हे मात्र मी सोयीने विसरले. अण्णा दोनदा म्हणाले, "तिकडल्या शाळेला एक पत्र टाका." मी ते यादीत लिहिलं. दोन्ही वेळा.

पुढच्या दिवाळीनंतर शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाचा आदेश आला. बागेबागेत जाऊन, सहा ते चौदा वयाची, शाळेत न जाणारी मुलं शोधायची. प्रत्येकाचं नाव, वय आणि शेवटच्या रकान्यात कारण. अण्णांनी एक बाजू घेतली, मी एक. माझ्याकडे सात बागा होत्या. चौथ्या बागेत, मांडवाखालच्या हिरव्या सावलीत, उलट्या क्रेटवर वनिता उभी होती. हात वर, बोटांत लहान कात्री, डोक्यावर आईचा रुमाल. घडातले जादा मणी कापून विरळणी चालली होती. ठकी खाली मातीत बसून पडलेले हिरवे मणी डब्यात भरत होती, ती आता अडीच वर्षांची झाली होती.

"बाई आल्या," वनिता म्हणाली. हसली. क्रेटवरून उतरली नाही.

"आश्रमशाळेत नाही गेलीस?"

आई पलीकडच्या ओळीतून बोलली, "गेली की. दिवाळीला आली ती गेलीच नाय परत. नाव काडलं की रडती."

मी क्रेटजवळ गेले. हळू आवाजात विचारलं, "काय झालं तिथे?"

तिने एक घड हातात धरला होता, तो सोडला नाही. "सरांनी पयल्याच दिवशी उभी केली. वाच म्हनले. नवाच धडा व्हता. माज्या आदी कुनी वाचलाच नाय."

"मग?"

"कार्ड बगितलं त्यांनी. हितं लिवलंय वाचती म्हनून, म्हनले, आन तू नाटक करती. रोज उभी करायचे. पोरं म्हनायची, कार्डवाली आली, कार्डवाली." कात्रीचा आवाज होत राहिला, टक, टक. "मंग येक दिस त्यांनी इचारलं, कोन बाई हाय ती, काय शिकवलंय तुला? मी म्हनलं, बाईनी समदं शिकवलं व्हतं, सर. मीच इसरले."

हे सांगून तिने माझ्याकडे बघितलं. माझ्यावर काही येऊ दिलं नाही, हे मला कळावं, इतकंच त्या बघण्यात होतं.

गवत आठवतं का, असं विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. मी विचारलं नाही. होय म्हणाली असती तरी, नाही म्हणाली असती तरी, मला तिथे उभं राहता आलं नसतं. आईला खरं सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात आईच ओळ ओलांडून आली, हात पदराला पुसले, माझ्या हातातला कागद बघितला.

"काय लिवायचं, बाई?"

"शाळा का सुटली, ते."

"मग लिवा की. आमाला काय इचारता? तुमी लिवता त्ये बरुबरच आसतं."

छापील कारणं होती. स्थलांतर, घरकाम, लहान भावंडं, आजारपण, अभ्यासात रस नाही, इतर. 'इतर'पुढे एक कोरी ओळ होती, चांगली लांब. मी 'स्थलांतर'वर टिक केली, वनिताच्या आईचा अंगठा घेतला आणि निघाले. अजून तीन बागा बाकी होत्या.